फोटो कुठे गेला? वेबपेज, कागद आणि एका हॉल तिकिटाची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला कल्पना आहे. विषय आहे प्रिंट. स्क्रीनवर दिसणारं वेबपेज कागदावर कसं उतरतं, आणि ते नीट उतरावं म्हणून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काही माणसांनी काय काय विचार करून ठेवला होता, त्याची ही गोष्ट.

"अरे, आता प्रिंट कोण काढतं?" असं म्हणणार असाल तर जरा आठवून बघा. अ‍ॅडमिशनचा फॉर्म, परीक्षेचं हॉल तिकीट, भाडेकरार, बँकेत द्यायचं स्टेटमेंट, व्हिसाचा अर्ज. आपल्याकडे सगळं मोबाइलवर सुरू होतं आणि काउंटरपाशी येऊन कागदावर संपतं. आणि कागदावर काही चुकलं, तर काउंटरपलीकडचा माणूस तुमच्या मोबाइलची स्क्रीन बघायला तयार नसतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझ्याच चुकीतून कळलं. आधी ती सांगतो.

माझ्या मशीनवर तर दिसतंय!

२०१९ साली बीटेक झालो आणि पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो. पहिल्याच वर्षी एक काम आलं. एका परीक्षेसाठी ऑनलाइन हॉल तिकीट बनवायचं होतं. परीक्षा कुणाची, कंपनी कोणती, हे सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. माझी होती.

पेज सुंदर झालं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. वर निळा पट्टा, डावीकडे नाव-गाव-केंद्र, उजवीकडे पासपोर्ट साइज फोटोची चौकट. मुलांनी अपलोड केलेले फोटो वेगवेगळ्या आकाराचे होते. कुणाचा उभा, कुणाचा आडवा, कुणी लग्नातल्या फोटोतून स्वतःला कापून काढलेलं. ते सगळे एकाच चौकटीत नीट बसावेत म्हणून मी एक जुनी युक्ती वापरली. फोटो "चित्र" म्हणून टाकायचा नाही, चौकटीची "पार्श्वभूमी" म्हणून टाकायचा. मग तो आपोआप चौकटीइतका कापला जातो. स्क्रीनवर एकदम चकाचक.

प्रिंट तपासली का? हो, तपासली. माझ्या क्रोममध्ये सगळं बरोबर आलं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आमच्या सपोर्टच्या फोनवर एक कॉल आला. टीममध्ये सगळ्यात ज्युनियर मीच, म्हणून फोन माझ्या हातात. एका तालुक्याच्या गावातले सायबर कॅफेवाले काका होते. म्हणाले, "सर, हॉल तिकिटावर फोटोच येत नाहीये. नुसती मोकळी चौकट येतीये. पोरं रांगेत उभी आहेत."

मी अगदी सराईतपणे म्हणालो, "काका, पेज एकदा रिफ्रेश करा."

"पाच वेळा केलं, सर. स्क्रीनवर दिसतोय फोटो. कागदावर येत नाही."

मी माझ्या मशीनवर पाहिलं. येतोय की! मग शेजारच्या मुलीच्या मशीनवर पाहिलं. मोकळी चौकट. पोटात गोळा आला.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. ब्राउझर प्रिंट काढताना पार्श्वभूमीचे रंग आणि पार्श्वभूमीची चित्रं मुळात छापतच नाही. प्रिंटच्या खिडकीत "बॅकग्राउंड ग्राफिक्स" नावाचा एक छोटा चौकोन असतो. त्यावर टिक केली तरच छापतो. मी कधीतरी दुसऱ्या कामासाठी ती टिक केली होती आणि क्रोमने ती लक्षात ठेवली होती. म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात फोटो फक्त माझ्या टेबलावर येत होता.

काकांना परत फोन केला आणि तो चौकोन कुठे आहे ते सांगायला लागलो. ते म्हणाले, "ते राहू द्या सर, मी जमवलंय." त्यांनी काय केलं होतं? प्रत्येक पोराच्या हॉल तिकिटाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पेंटमध्ये उघडायचा, कडा कापायच्या आणि तिथून प्रिंट द्यायची. एकेक करून. बीटेक मी होतो, पण कागद त्यांना कळत होता.

त्या रात्री मी फोटो पार्श्वभूमीतून काढून साध्या चित्राच्या जागी टाकला. तीन ओळींचं काम. पण ज्यांनी आधीच प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवली होती त्यांचं काय? त्यांना एसएमएस गेले, पुन्हा प्रिंट काढा म्हणून. दहा रुपये परत, फेरी परत. परीक्षेच्या दिवशी काकांनी सकाळी सहालाच दुकान उघडलं होतं, हे त्यांनीच नंतर फोन करून सांगितलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, पुढच्या वेळी एकदा कागदावर काढून बघत जा."

तेव्हा मी मनात ब्राउझरला शिव्या घातल्या होत्या. स्क्रीनवर दिसतं ते छापायला काय होतं याला? पुढे हा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळलं की ब्राउझर मूर्खपणा करत नव्हता. तो एक फार जुना करार पाळत होता. तो करार मला माहीत नव्हता, एवढंच.

पान कसं दिसावं, हे ठरवणार कोण?

आता थोडं मागे जाऊ. १९८९. स्वित्झर्लंडमधली सर्न ही संशोधन संस्था. तिथे टिम बर्नर्स-ली वेबची कल्पना मांडतो आणि पुढच्या वर्षी पहिला ब्राउझर लिहितो. त्या ब्राउझरमध्ये अक्षर केवढं असावं, मथळा कसा दिसावा, हे ठरवायची सोय होती. पण ते ठरवणार कोण? ब्राउझर आणि तो वापरणारा माणूस. पान लिहिणाऱ्याने फक्त सांगायचं की हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. दिसण्याचं काम त्याचं नाही.

शास्त्रज्ञांना हे चालत होतं. पण वेब पसरायला लागली आणि पानं बनवणारे लोक वैतागले. वर्तमानपत्रात किंवा मासिकात काम केलेल्या माणसाला मथळ्याचा रंगसुद्धा बदलता येत नाही म्हणजे काय!

इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. होकुन विउम ली, नॉर्वेचा. सर्नला येण्याआधी तो अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये होता आणि तिथे त्याचा विषय होता इलेक्ट्रॉनिक वर्तमानपत्र. बातमीचं पान पडद्यावर मांडायचं तर ते वाचणाऱ्यानुसार आणि पडद्यानुसार कसं बदलेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आधीपासून होता.

१० ऑक्टोबर १९९४ ला त्याने एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. नाव होतं "कॅस्केडिंग एचटीएमएल स्टाइल शीट्स". आज आपण ज्याला सीएसएस म्हणतो त्याचा हा जन्म. गंमत म्हणजे बरोबर तीन दिवसांनी नेटस्केपने आपला ब्राउझर जाहीर केला.

त्या प्रस्तावात एक गोष्ट आहे जी आजच्या सीएसएसमध्ये तुम्हाला सापडणार नाही. टक्केवारी. प्रत्येक नियमासोबत आपला आग्रह किती, ते लिहायचं. म्हणजे मथळा २४ पॉइंटचा हवा आणि आग्रह १०० टक्के. उपमथळा २० पॉइंटचा, पण आग्रह फक्त ४० टक्के. मग उरलेले ६० टक्के दुसऱ्या कुणाला तरी वापरता येतील. आणि पहिला नंबर कुणाचा? वाचकाचा. वाचक आणि त्याचा ब्राउझर आधी आपली आवड सांगणार आणि जो अधिकार शिल्लक राहील तो पान लिहिणाऱ्याला मिळणार.

कॅस्केड म्हणजे धबधबा, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडत येणारं पाणी. वरून येणारे नियम एकमेकांत मिसळत खाली येतात आणि शेवटी जे साचतं ते पान. लेखक आणि वाचक दोघांनाही बोलायचा हक्क आहे, हे त्या नावातच आहे.

टक्केवारी पुढे टिकली नाही. दोघांच्या मतांची सरासरी काढायची म्हटली तर निम्मी पानं विचित्र दिसली असती. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठात बर्ट बॉस नावाचा माणूस स्वतःचा ब्राउझर आणि स्वतःची स्टाइल शीट बनवत होता. तो लीला येऊन मिळाला. दोघांनी मिळून ते सोपं केलं आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती वेबचं अधिकृत मानक झाली.

१९९८: दहा वाचकांची यादी

आता येतो प्रिंटचा भाग. १२ मे १९९८ ला सीएसएसची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एक नवी सोय होती. "मीडिया टाइप", म्हणजे माध्यमाचा प्रकार. पान तेच, पण माध्यमानुसार नियम वेगळे.

त्या यादीत "सगळ्यांसाठी" हा एक शब्द धरून दहा प्रकार होते. स्क्रीन. प्रिंट. प्रोजेक्टर. टीव्ही. जुन्या टेलिटाइपसारखी यंत्रं. पान मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रं. बोटांनी वाचायच्या ब्रेल पट्ट्या. ब्रेल छापणारे प्रिंटर. आणि "हँडहेल्ड", हातात मावणारी यंत्रं.

क्षणभर विचार करा. १९९८ साली, जेव्हा आपल्याकडे घरी फोन असणं ही मोठी गोष्ट होती, तेव्हा काही माणसं बसून यादी करतायत की हे पान कोण कोण वाचेल. दृष्टी नसलेला माणूस वाचेल. सभागृहात शंभर जण एकदम वाचतील. कुणी कागदावर काढून खिशात घालून नेईल.

आणि त्या यादीचं पुढे काय झालं? हँडहेल्डची व्याख्या करताना त्यांच्या डोळ्यांसमोर छोटा, काळा-पांढरा स्क्रीन आणि रडतखडत चालणारं इंटरनेट होतं. २००७ साली आयफोन आला. त्याने सांगितलं, मी हँडहेल्ड नाही, मी पूर्ण स्क्रीन आहे. हँडहेल्ड तिथेच संपलं. टीव्ही, प्रोजेक्टर, टेलिटाइप हे शब्दही मानकातून बाद ठरत गेले. आज डेव्हलपर रोजच्या कामात जे दोन शब्द खरोखर वापरतात ते म्हणजे स्क्रीन आणि प्रिंट. तुम्ही ज्या यंत्रावर हे ऐकताय, त्याच्यासाठी राखून ठेवलेला शब्द मेला आणि कागदाचा शब्द जिवंत राहिला!

प्रिंटसाठी त्या आवृत्तीत आणखी बरंच होतं. स्क्रीनचं पान हे कापडाच्या ताग्यासारखं असतं, खाली खाली उलगडतच जातं. कागद तसा नाही. तो २१० बाय २९७ मिलिमीटरला संपतो. मग पानाचा आकार, चारी बाजूंचे समास, पुस्तकासारखं डावं पान-उजवं पान, पहिलं पान वेगळं, "या मथळ्याआधी नवं पान सुरू कर", "हा तक्ता मध्ये तोडू नकोस", हे सगळं सांगायची सोय झाली.

यातले दोन शब्द मला फार आवडतात. "ऑर्फन" आणि "विडो". अनाथ आणि विधवा. छापखान्यातले जुने शब्द आहेत. परिच्छेदाची पहिली ओळ एकटीच पानाच्या तळाशी राहिली तर ती ऑर्फन, आणि शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली तर ती विडो. शब्द आज खटकतात, पण काळजी खरी आहे. एकटी पडलेली ओळ वाचणाऱ्याला अडखळवते. म्हणून सीएसएसमध्ये नियम आला की कमीत कमी किती ओळी सोबत राहाव्यात. काहीच सांगितलं नाही तर दोन.

आणि त्याच १९९८ च्या आवृत्तीत एक छोटा बदल झाला, ज्याच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. सीएसएसमध्ये एखाद्या नियमापुढे "महत्त्वाचा" अशी खूण करता येते. पहिल्या आवृत्तीत लेखक आणि वाचक दोघांनीही अशी खूण केली तर लेखक जिंकायचा. दुसऱ्या आवृत्तीत हे उलटं केलं. वाचक जिंकणार. ज्याला मोठीच अक्षरं लागतात त्याला ती मिळालीच पाहिजेत, लेखकाला कितीही बारीक अक्षर आवडत असलं तरी.

हाच तो करार. लेखकाने सुचवायचं, पण शेवटचा शब्द वाचकाचा.

"प्रिंटर फ्रेंडली" बटणाचे दिवस

मानकात लिहिलं म्हणजे लोकांनी वापरलं असं होत नाही. आपल्याकडे नियम आणि अंमलबजावणी यात किती अंतर असतं ते तुम्हाला सांगायला नको. ब्राउझरचंही तसंच होतं.

त्या काळात वेबसाइटवर "प्रिंटर फ्रेंडली" नावाचं बटण असायचं. ते दाबलं की त्याच लेखाचं दुसरं, साधं पान उघडायचं. म्हणजे एकच मजकूर दोन ठिकाणी. एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहून गेली, असा घोळ व्हायला वेळ लागायचा नाही.

मे २००२ मध्ये एरिक मायर या अमेरिकन लेखकाने "अ लिस्ट अपार्ट" या वेब डिझाइनच्या मासिकात एक लेख लिहिला. सांगणं साधं होतं. दुसरं पान कशाला बनवता? त्याच पानाला प्रिंटची स्टाइल शीट जोडा. मेनू, जाहिराती, शोधायची पट्टी हे सगळं प्रिंटमध्ये लपवा, कागदावर बटण दाबता येत नाही. मजकूर पूर्ण रुंदीचा करा. अक्षर पिक्सेलमध्ये न मोजता पॉइंटमध्ये मोजा, कारण पॉइंट हे छापखान्याचं माप आहे, एका इंचाचे ७२.

पण त्यातली सगळ्यात लाडकी युक्ती लिंकची. स्क्रीनवर लिंक असते ती निळी, अधोरेखित. दाबली की उघडते. कागदावर ती नुसती अधोरेखित राहते, पलीकडे काय आहे ते कळायला मार्ग नाही. मायरने दाखवलं की दोन ओळींच्या सीएसएसने प्रत्येक लिंकच्या पुढे कंसात तिचा पूर्ण पत्ता छापता येतो. तोही फक्त कागदावर, स्क्रीनवर नाही. हातात कागद घेतलेल्या माणसाला तो पत्ता टाइप करून पुढे जाता येतं.

ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगतो, जरा लाज वाटली. कारण ती सुचायला फार हुशारी लागत नाही. फक्त एवढाच विचार करावा लागतो की हा कागद हातात घेऊन कोण बसलंय आणि त्याला काय हवंय. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

स्वतःचंच पुस्तक छापून दाखवलं

सीएसएस स्क्रीनसाठी ठीक आहे, पण पुस्तक छापायला? ते काम मोठ्या सॉफ्टवेअरचं, असं सगळे म्हणायचे. मग ली आणि बॉस यांनी काय केलं? २००५ मध्ये त्यांच्या सीएसएसवरच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघणार होती. ते पुस्तक त्यांनी एचटीएमएलमध्ये लिहिलं, त्याला सीएसएसची स्टाइल शीट लावली आणि प्रिन्स नावाच्या सॉफ्टवेअरमधून छापायची पीडीएफ काढली. प्रिन्स बनवणारी कंपनी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची, मायकेल डे आणि त्याच्या साथीदारांची. पुढे ली स्वतःही त्या कंपनीशी जोडला गेला.

अनुक्रमणिका, पान क्रमांक, पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव, हे सगळं सीएसएसमधून. स्वयंपाक्याने आपलंच जेवण सगळ्यांसमोर बसून जेवून दाखवावं, तसं.

ब्राउझर मात्र या बाबतीत बरेच मागे राहिले. पानाच्या समासात स्वतःचा मजकूर किंवा पान क्रमांक टाकायची सीएसएसची सोय क्रोममध्ये यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. ज्या लोकांच्या हातात ब्राउझर बनवायचं काम होतं, त्यांच्या स्वतःच्या टेबलावर कागद कमी होत गेला होता. स्वतःला लागत नाही ती गोष्ट यादीत खाली जाते. मी तरी वेगळं काय केलं होतं?

तुमच्या खिशातला प्रिंटर

आता तुमच्या मोबाइलकडे येऊ. आयफोनमधून थेट प्रिंट काढायची सोय २०१० मध्ये आली, अँड्रॉइडमध्ये २०१३ मध्ये. तुम्ही म्हणाल, माझ्याकडे प्रिंटरच नाही. बरोबर. पण तुम्ही एखादं पेज उघडून शेअर, मग प्रिंट, मग "सेव्ह ॲज पीडीएफ" करता ना? त्या क्षणी ब्राउझर नेमकं तेच करतो जे तो प्रिंटरसाठी करतो. स्क्रीनचे नियम बाजूला ठेवतो आणि प्रिंटचे नियम लावतो. कागद नाही, शाई नाही, पण पान कागदाच्याच मापाने कापलं जातं.

आणि एवढंच नाही. २०१७ पासून क्रोम खिडकी न उघडता, सर्व्हरवर आतल्या आत चालवता येतो आणि त्याच्याकडून पीडीएफ बनवून घेता येते. ईमेलवर येणारी कित्येक बिलं, पावत्या, सर्टिफिकेटं अशीच तयार होतात. आधी एक वेबपेज बनतं, त्यावर प्रिंटची स्टाइल शीट लागते आणि पीडीएफ तुमच्याकडे येते. ज्या तंत्राला आपण म्हातारं समजतो, ते रोज आपल्या इनबॉक्समध्ये येऊन बसतंय.

मग तो फोटो गेला कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे. ब्राउझर पार्श्वभूमी का छापत नाही?

कारण शाई वाचकाची असते. लेखकाने पानाला गडद निळी पार्श्वभूमी दिली तर स्क्रीनवर त्याचं काहीच जात नाही. कागदावर मात्र अख्खं कार्ट्रिज रिकामं होतं आणि पैसे जातात प्रिंट काढणाऱ्याचे. म्हणून ब्राउझर वाचकाची बाजू घेतो. पार्श्वभूमी ही सजावट आहे असं धरून ती सोडून देतो. वाचकाला हवीच असेल तर तो टिक करेल.

सीएसएसमध्ये यासाठी आता एक स्वतंत्र गुणधर्म आहे. काहीच सांगितलं नाही तर त्याची किंमत असते "इकॉनॉमी", म्हणजे काटकसर. लेखक म्हणू शकतो, "नको, अगदी जसंच्या तसं छाप." पण मानक सांगतं की तरीही वाचकाची निवड त्याच्या वर राहावी. पुन्हा तोच करार.

सायबर कॅफेवाल्या काकांच्या दुकानात दिवसाला किती प्रिंट निघत असतील? त्या प्रत्येक प्रिंटवर माझा निळा पट्टा छापला गेला असता, तर त्याची शाई काकांच्या खिशातून गेली असती. ब्राउझरने त्यांचे पैसे वाचवले. माझ्या पेजने त्यांची संध्याकाळ वाया घालवली.

चूक कुठे होती, ते आता मला स्वच्छ दिसतं. मी फोटोला सजावट म्हटलं होतं. शब्दांत नाही, कोडमध्ये. ब्राउझरने माझ्यावर विश्वास ठेवला आणि सजावट काढून टाकली. पण त्या कागदावर पट्टा सजावट होता, लोगो सजावट होता. फोटो म्हणजे तर ते पोरगं स्वतः होतं. तो नसेल तर गेटवरचा माणूस त्याला आत सोडणार नव्हता.

म्हणून आता मी काय करतो? कोणतंही पेज झालं की ती टिक काढून प्रिंट प्रिव्ह्यू बघतो. काय गेलं आणि काय राहिलं ते पाहतो. जे गेल्याने माणूस अडेल ते मजकुरात हवं, पार्श्वभूमीत नाही. सहीची ओळ एकटी दुसऱ्या पानावर गेली नाही ना, ते बघतो. तक्ता उजवीकडे कापला गेला नाही ना, ते बघतो, कारण ए-फोर कागदाची रुंदी सीएसएसच्या हिशोबाने साधारण ७९४ पिक्सेलच भरते, त्यातून समास वजा. मेनू लपवतो, लिंकचे पत्ते छापतो. आणि शेवटी एक तरी प्रिंट खरोखर काढतो. ऑफिसातल्या चांगल्या प्रिंटरवर नाही. खाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, काळ्या-पांढऱ्यात. तिथे जे वाचता येतं, ते सगळीकडे वाचता येतं.

तुम्ही डेव्हलपर नसाल तरी आज एक करून बघा. तुमच्या आवडीच्या कोणत्याही साइटवरचा एक लेख उघडा आणि प्रिंटवर जाऊन फक्त प्रिव्ह्यू बघा. नीट, स्वच्छ पान दिसलं तर समजा, ते बनवणाऱ्या कुणीतरी कागद हातात घेणाऱ्याचा विचार केला होता. मेनू, कुकीची नोटीस आणि अर्धा कापलेला मजकूर असं सात पानांचं भेंडोळं आलं, तर समजा, तिथे माझ्यासारखा एक जण बसलाय, ज्याला अजून काकांचा फोन आलेला नाही.

प्रिव्ह्यूमध्ये काही मजेदार सापडलं तर नक्की कळवा. आणि घरी कुणी अजूनही सगळं प्रिंट काढून फाइलला लावणारं असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा. माझ्या घरी बाबा आहेत. हा लेखसुद्धा ते छापूनच वाचणार.

भेटू पुढच्या भागात. तोवर मजेत राहा!